राजूरहून प्लाझ्मा पेशी पाठवण्याची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

साहित्य : कंबरदुखी, एक. शक्यतो जुनी घ्यावी. राजूरला ती शोधत हिंडावे लागत नाही. कोळशाच्या खाणीत नाहीतर चुनाभट्टीवर अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाची कंबर दुखते याचे वणी तालुक्यात कोणाला नवल नाही, आणि मल्टिपल मायलोमाला, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाला, नेमके तेच हवे असते. गोळी, मलम, पट्टा या क्रमाने काही महिने जाऊ द्यावेत. मग हिमोग्लोबिन उतरलेले, क्रिएटिनिन चढलेले आणि मणका दबलेला असे तिन्ही रिपोर्ट एकाच पिशवीत जमले की साहित्य तयार झाले. (घाई असलेल्यांनी सुरुवातीलाच सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. पण मग पुढच्या बऱ्याच कृतीला मुकाल.)

पायरी पहिली, बोन मॅरो काढणे. कमरेच्या हाडात सुई घालून पहिल्यांदा जे ओढले जाते ते खरे सोने. पुढच्या प्रत्येक ओढीला त्यात रक्त मिसळत जाते. म्हणून पहिली ओढ स्लाइडला द्यावी, दुसरी जनुकीय तपासणीला, आणि तळाशी जे लालभडक उरेल ते फ्लो सायटोमेट्रीच्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत भरावे. सगळीकडे असेच चालते, तुम्ही वेगळे कशाला करता? मग स्लाइडवर ४० टक्के प्लाझ्मा पेशी आणि फ्लोमध्ये ३ टक्के असा रिपोर्ट आला की नातेवाइकांनी डॉक्टरांकडे बघावे आणि डॉक्टरांनी पंख्याकडे.

खरे तर इथे घाबरण्यासारखे काही नाही. निदानासाठी लागणारी १० टक्क्यांची अट स्लाइडवर किंवा बायोप्सीतच मोजायची असते. प्लाझ्मा पेशी नाजूक, त्यात हाडाच्या कणांना आणि चरबीला चिकटून बसणाऱ्या. फ्लोमध्ये त्या कमीच भरतात. फ्लोचे काम डोकी मोजण्याचे नाही, चालचलन तपासण्याचे. सीडी३८ आणि सीडी१३८ या पेशीवरच्या मार्करांवरून प्लाझ्मा पेशी ओळखायच्या. नेहमीच्या पेशींवर बहुधा सीडी१९ असतो. बिघडलेल्यांवरून तो सहसा गेलेला असतो आणि सीडी५६ चढलेला असतो. शिवाय पेशीच्या आत सगळीकडे एकच साखळी, फक्त कप्पा किंवा फक्त लॅम्ब्डा, सापडली की ती सगळी एकाच घराण्यातली.

पायरी दुसरी, प्रवास. राजूरहून वणी, वणीहून नागपूर, आणि तिथे नाही जमले तर टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे अॅक्ट्रेक. सॅम्पल ४८ तासांच्या आत मशीनवर चढले पाहिजे. उशीर झाला की सीडी१३८ पेशीवरून गळू लागतो. बाटली गोठवायची नाही, रूम टेंपरेचरला ठेवायची. कोणाच्या रूमच्या, हे फॉर्मवर लिहिलेले नसते. वणीतल्या मे महिन्यातली रूम धरली तर पेशी वरोऱ्यापर्यंतच शिजतील. कुरियर शनिवारी संध्याकाळी द्यावे, म्हणजे रविवारची विश्रांती पेशींनाही मिळते.

पायरी तिसरी, मशीन. चुन्याचे पोते प्रत्येक भट्टीवाल्याने आपापल्या काट्यावर तोलावे आणि भांडण मात्र भावावरून करावे, तशी फ्लोची अवस्था बरीच वर्षे होती. एकाची अँटीबॉडी वेगळी, दुसऱ्याचा रंग वेगळा, तिसऱ्याचे व्होल्टेज गुरुजींनी लावून दिलेले. २००८ साली देशातल्या फ्लो करणाऱ्यांच्या राष्ट्रीय बैठकीचा अहवाल मार्गदर्शक सूचनांसह छापून आला. युरोपात युरोफ्लो गटाने २०१२ मध्ये प्लाझ्मा पेशींसाठी आठ-आठ रंगांच्या दोन ट्यूबा ठरवून दिल्या. सीडी३८, सीडी१३८, सीडी४५ आणि सीडी१९ हे चार मार्कर दोन्हींत तेच. अँटीबॉडीचा क्लोन कोणता, तिच्यावर रंग कोणता, रोज सकाळी बीड्स चालवून त्यांची चमक किती आकड्यावर आणायची, हेही ठरवले. तुम्ही अर्थात डोळ्यांना बरे दिसेल तिथे व्होल्टेज सोडावे. अँटीबॉडीचा नवा लॉट आला की जुन्याशी ताडून पाहणे ही रिकामटेकड्यांची कामे आहेत.

उपचारानंतर उरलासुरला आजार शोधायचा असेल तर एक कोटी पेशी मशीनमधून सोडाव्या लागतात. तेव्हा कुठे दहा लाखांत दोन-तीन बिघडलेल्या पेशी सापडण्याची आशा. वर सांगितलेल्या लालभडक बाटलीतून एक कोटी कशा काढायच्या, हे प्रगत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवले आहे.

शेवटची पायरी, फॉर्म. ‘चालू औषधे’ हा रकाना कोरा सोडावा. रुग्णाला डॅराट्युमॅब चालू असेल तर ते औषध सीडी३८ वरच जाऊन बसते. लॅबची नेहमीची अँटीबॉडी जागा शोधत राहते आणि प्लाझ्मा पेशी दिसतच नाहीत. आधी कळले असते तर लॅबने सीडी२२९ किंवा वेगळ्या जागी चिकटणारी सीडी३८ ची अँटीबॉडी वापरली असती. पण रकाना कोरा आहे, त्यामुळे आजार गेल्याचा रिपोर्ट येईल. राजूरला पेढे वाटून झाल्यावर लॅबला फोन करावा.