मास्टर ऑफ द रोल्स आणि आमची रेकॉर्ड रूम

बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या कोणाही पक्षकाराला विचारा, इथं सगळ्यात मोठा माणूस कोण? पहिल्याच तारखेला आलेला जज्जसाहेबांचं नाव घेईल. ज्यानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात तो आधी इकडेतिकडे पाहील आणि मग हळूच रेकॉर्ड रूमकडे बोट दाखवील. इंग्रजांना ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीच उमगली होती. त्यांनी त्या माणसाला पुढे न्यायाधीशच करून टाकलं.

त्यांच्या न्यायाधीशांत पहिला मान लॉर्ड चीफ जस्टिसचा. दुसऱ्या मानाचं पद म्हणजे ‘मास्टर ऑफ द रोल्स’. इंग्लंड आणि वेल्समधल्या दिवाणी न्यायाचा हा प्रमुख. अपील कोर्टाच्या दिवाणी शाखेचा अध्यक्ष. पण या पदाचं मूळ शोधत मागे मागे गेलं तर तिथं न्यायाधीश भेटतच नाही. भेटतो एक कारकून.

राजाच्या सनदा, हुकूम, इनामं, तह, सगळ्याची एक प्रत चॅन्सरी नावाच्या दफ्तरात मेंढीच्या कातड्यावर उतरवली जाई. एक कातडं भरलं की त्याला दुसरं शिवायचं, दुसऱ्याला तिसरं, आणि शेवटी लग्नातली सतरंजी गुंडाळावी तसं सगळं गुंडाळून ठेवायचं. ही भेंडोळी जपणाऱ्याचं पहिलं नाव सापडतं ते 1286 मधलं, जॉन लँग्टन. हा गृहस्थ पुढे सहा वर्षांनी स्वतःच लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे त्या दफ्तराचा मुख्य, झाला. कागद कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याची बढती कोण रोखणार!

आपल्यालाही यात नवल वाटायचं कारण नाही. पेशव्यांच्या दरबारात हिशेबाचे कागद पाहणारा तो फडणीस. पण नाना फडणीसांनी त्या कागदांच्या जोरावर अख्खी दौलत चालवून दाखवली. तलवारी बाहेर मैदानात चालायच्या, आणि कोणाला किती सरंजाम दिला होता हे पाहायचं झालं की सगळ्यांना पुण्यात यावं लागायचं.

लंडनच्या या दफ्तरदाराला घर कसं मिळालं तीही गंमत आहे. तिसऱ्या हेन्री राजानं 1232 मध्ये ख्रिस्ती झालेल्या ज्यूंसाठी एक आश्रम काढला. 1290 मध्ये पुढच्या राजानं ज्यूंना देशाबाहेरच घालवलं, तेव्हा आश्रमात राहायला नवी माणसं येईनात. 1377 मध्ये ती वास्तू भेंडोळी जपणाऱ्याकडे कायमची आली. तिथल्या प्रार्थनाघरात कागद ठेवू लागले. जागा अपुरी पडली तशी बाकांखालीही भरले. म्हणजे रविवारी भाविक देवाचं ऐकत, पण बसत राजाच्या हुकमांवर.

कारकुनाचा न्यायाधीश झाला तो मात्र अगदी आपल्या कचेऱ्यांच्या रीतीनं. चॅन्सेलरकडे लोकांच्या फिर्यादींचे ढीग येत. कायद्याच्या चौकटीत न्याय मिळाला नाही, साहेब, तुम्ही काही करा, अशा स्वरूपाच्या. साहेबांना राजकारणातून सवड नसे. हाताखाली मास्टर म्हणवणारे बाराजण होते, त्यांत वडील हा. मागच्या खेपेला काय हुकूम झाला होता ते यालाच माहीत. साहेब नसले की हा ऐकून घेऊ लागला, ऐकता ऐकता निकाल देऊ लागला, आणि लोक तो पाळूही लागले. अठराव्या शतकात कोणीतरी विचारलंच, ‘याला अधिकार दिला कोणी?’ मोठा वाद झाला. शेवटी संसदेला कायदा करून सांगावं लागलं की याचे हुकूम वैध आहेत, फार तर चॅन्सेलरकडे अपील करा. साहेब रजेवर गेल्यावर कचेरी कशी चालते हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा सगळा इतिहास पाठ असल्यासारखाच आहे.

या खुर्चीवर माणसंही नमुनेदार बसली. थॉमस क्रॉमवेल 1534 ते 1536 इथं होता. पुढे 1540 मध्ये आठव्या हेन्रीनं त्याचं डोकं उडवलं. 1614 मध्ये आले सर ज्युलियस सीझर. खरंच हेच नाव. वडील इटलीतून येऊन राणीचे वैद्य झालेले. हे सीझर 1636 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे 22 वर्षं, पदावर राहिले आणि त्यांच्या अंगावर कोणी सुरा उगारला नाही. रोमच्या सीझरला रेकॉर्ड रूम दिली असती तर तोही कदाचित म्हातारा होऊन मेला असता.

जुनं रेकॉर्ड निकाली काढण्याची घाई काय करते, तेही त्याच शहरानं पाहिलं. सरकारी खजिन्यात हिशेबासाठी खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या वापरत. ती पद्धत बंद झाली, पट्ट्या उरल्या. 16 ऑक्टोबर 1834 रोजी कोणा शहाण्यानं त्या संसदेच्या तळघरातल्या भट्टीत घालायला सांगितल्या. संध्याकाळी संसदच पेटली. चार वर्षांनी, 1838 मध्ये, कायदा झाला आणि देशाचे सरकारी कागद मास्टर ऑफ द रोल्सच्या ताब्यात आले. ते थेट 1958 पर्यंत त्याच्याकडे होते. नंतर कागद गेले, खुर्ची राहिली.

आता हा लंडनचा साहेब आणि आमचा वऱ्हाड यांचा काय संबंध, असं घाटाखालच्या एखाद्या वाचकाला वाटेल. घाटावरच्यालाही वाटेल. पण संबंध आहे. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. उत्तर वऱ्हाडचं ठाणं तेव्हा बुलढाण्याला होतं. 1902 मध्ये कर्झननं सालाना 25 लाखांवर वऱ्हाड कायमचा पट्ट्यानं घेतला, दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताला जोडला आणि आमची अपिलं नागपूरच्या जुडिशियल कमिशनरकडे जाऊ लागली. म्हणजे जमीन निजामाची, कायदा इंग्रजांचा, आणि तंटा बांधावरच्या बाभळीचा.

पुढे 9 जानेवारी 1936 ला नागपूरला हायकोर्ट झालं. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश, मोहम्मद हिदायतुल्ला शेवटचे. 1 नोव्हेंबर 1956 ला वऱ्हाड मुंबई राज्यात आला, तेव्हा मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. एवढ्या उलथापालथीत चिखलीचा शेतकरी आपल्या धुऱ्यावरून हलला नाही. वरचं कोर्टच त्याच्या डोक्यावरून इकडून तिकडे फिरत राहिलं.

आणि या सगळ्यांच्या वर, 1949 पर्यंत, लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. तिच्या न्यायसमितीत मास्टर ऑफ द रोल्सला 1833 च्या कायद्यानंच जागा ठेवलेली. मेहकरच्या पलीकडे, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेचा दोन जैन पंथांतला तंटा 1923 मध्ये नागपुरात निकाली निघाला आणि 1929 मध्ये लंडनला. ज्या लॉर्डांना शिरपूर नकाशावरही दाखवता आलं नसतं, त्यांनी मूर्तीच्या लेपाबद्दलचे कागद वाचले. 2023 मध्ये तोच विषय दिल्लीला सुप्रीम कोर्टापुढे होता. शंभर वर्षं झाली. माणसांच्या तीन पिढ्या उलटल्या, कागद मात्र जोमात आहे.

प्रिव्ही कौन्सिल गेली तरी हा साहेब आपल्याला सुटला नाही. वेडन्सबरी नावाच्या इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या नगरपालिकेनं थिएटरवाल्याला रविवारी सिनेमा दाखवायची परवानगी दिली, पण अट घातली की 15 वर्षांखालच्या मुलांना आत घ्यायचं नाही. थिएटरवाला कोर्टात गेला. नोव्हेंबर 1947 मध्ये तेव्हाचे मास्टर ऑफ द रोल्स लॉर्ड ग्रीन यांनी सांगितलं की कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका अतर्क्य निर्णय असेल तरच आम्ही हात घालू. थिएटरवाला हरला. पण तेव्हापासून आपल्याकडे बदली रद्द करा, टेंडर रद्द करा, सरपंचाची अपात्रता रद्द करा, असा कसलाही अर्ज असो, वकीलसाहेब एकदा तरी वेडन्सबरीचं नाव काढतातच. त्या पोरांना रविवारचा सिनेमा नाकारला गेला. त्याची किंमत नागपूरच्या खंडपीठात अजून वसूल होते आहे.

याच पदावर 1962 ते 1982 लॉर्ड डेनिंग बसले. त्याआधी ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या कोर्टात होते. तिथून खाली उतरून आले. वर पाचजणांत एकटं पडायला होतं, आणि बहुतेक खटले तर अपील कोर्टातच संपतात. ज्याला काम करायचंय त्यानं कोणत्या मजल्यावर बसावं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मला हे सगळं आठवायचं कारण घरची सामाईक विहीर. आमच्या भागातल्या एका कोर्टात आजोबांच्या काळी पाण्याच्या पाळीचा दावा चालला होता. त्याचा हुकूमनामा झाला, हे घरात सगळ्यांना माहीत. कागद कोणाकडेच नाही. चुलतभाऊ म्हणे पाणी गुरुवारपासून आमचं, आम्ही म्हणू तुमचं शुक्रवारपासून. नकलेचा अर्ज घेऊन मी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभा राहिलो.

‘कोणत्या सालचं?’ आतल्या काकांनी विचारलं.

‘आजोबांच्या वेळचं.’

‘आजोबांच्या नावाचा रॅक नाही ना भाऊ आपल्याकडे. नंबर सांगा.’

नंबर नव्हता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. विहीर घाटावरची की खारपाणपट्ट्यातली, वादी कोण, आजोबांचा वकील कोण, असं विचारत ते रॅकच्या बोळीत शिरले. मी जाळीतून पाहत होतो. लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत. ते एकेका बस्त्यावर तळवा ठेवत, गाठीशी लावलेली चिठ्ठी वाचत, पुढे जात. एक बस्ता त्यांनी दोन्ही हातांनी उतरवला, खिडकीशी आणून फुंकर मारली, गाठ दातानं सैल केली. आतले कागद वाळल्या पळसपानाच्या रंगाचे झाले होते. टाचणीचा गंज पहिल्या चार पानांना आरपार लागलेला. समासात कोणा जुन्या कारकुनाची मोडीतली ओळ. काकांनी बोटाला पाणी न लावता पानं उलटली, हे मी मुद्दाम पाहिलं. मग मजकुरावर नख ठेवून वाचलं: ‘सोमवार ते गुरुवार सकाळपर्यंत वादी.’

वादी आम्ही. म्हणजे गुरुवार सकाळनंतर चुलतभाऊ. तो बाहेर टपरीवर उभाच होता. ऐकून त्यानं एवढंच विचारलं, ‘सकाळ म्हणजे किती वाजता?’ त्याचं उत्तर हुकूमनाम्यात नाही. तो दावा आमची नातवंडं लावतील.

‘अस्सल इथंच राहते,’ काका बस्ता बांधत म्हणाले, ‘तुम्हाले नक्कल भेटते.’ एवढ्या थोडक्यात कोर्ट म्हणजे काय ते मला कोणत्याही वकिलानं सांगितलं नव्हतं.

हीच बोळ 2023 च्या शेवटी एकदम गजबजली. मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायचं ठरलं आणि राज्यभर जुने बस्ते खाली उतरले. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी सरकारी गाड्या थांबू लागल्या. ज्या खोलीत शिपायाशिवाय कोणी जात नसे तिथं मोठे साहेब तोंडाला रुमाल बांधून उभे. नोंद सापडली की आनंद, नाही सापडली की पुन्हा शोधा. वर्षानुवर्षं त्या कागदांना वाळवी लागू नये म्हणून पावडर टाकणाऱ्याचा सत्कार मात्र कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता सगळं संगणकावर येतंय. खटल्याला सोळा अक्षरी क्रमांक मिळतो, मोबाइलवर पुढची तारीख दिसते. न मिळणाऱ्या निकालाची वाट आता शेतात बसून पाहता येते. लंडनमध्येही 2021 मध्ये मास्टर ऑफ द रोल्स झालेले सर जेफ्री व्हॉस यांचं बोलणं मेंढीच्या कातड्यापेक्षा डिजिटल न्यायाबद्दल जास्त असतं. ठीक आहे. पण आजोबांच्या वकिलाच्या नावावरून बस्ता काढून देणारं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात अजून आलेलं नाही, आणि आमच्या काकांची निवृत्ती जवळ आली आहे.

त्यांना न्यायाधीश करा असं माझं म्हणणं नाही. तेच नको म्हणतील, कारण मग त्यांना तारखा द्याव्या लागतील. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला त्यांच्या हाताखाली वर्षभर आधी बसवावं, आणि त्या बोळीत एक चालता पंखा लावावा, एवढी मागणी. तुमच्याकडे मागणं आणखी लहान आहे. घरच्या पेटीत जुना हुकूमनामा, वाटणीपत्र, फारकती असेल तर त्यावरचा मुकदमा क्रमांक आणि साल आजच वहीत उतरवून ठेवा. आणि कृपा करून त्याचं लॅमिनेशन करू नका.