दोन कचेऱ्यांचं युद्ध

युद्धपटात एक सोय असते: शत्रूला चेहरा नसतो. तो झाडीमागून येतो, मरतो, आपण शेंगदाणे खातो. १९७० सालच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’नं ही सोय काढून घेतली. ७ डिसेंबर १९४१ चा पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यात दोन्हीकडून दिसतो. अमेरिकन भाग रिचर्ड फ्लायशरचा, जपानी भाग तोशिओ मासुदा आणि किंजी फुकासाकू यांचा. दोन्ही बाजू कळल्यावर माणसानं अंतर्मुख वगैरे व्हावं. मला दिसल्या दोन कचेऱ्या.

वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत टोकियोहून चौदा भागांचा खलिता येतो. तो दुपारी एकला, म्हणजे बॉम्ब पडायच्या आधी, अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती द्यायचा आहे. पण प्रकरण गुप्त, तेव्हा नेहमीच्या टायपिस्टला हात लावू द्यायचा नाही, असा वरून हुकूम. मग एक अधिकारी स्वतःच टाइपरायटरपुढे बसतो आणि एकेक अक्षर शोधत टकटक करतो. बघताना जीव कासावीस होतो. अहो, बोलवा की त्या टायपिस्टला! इकडे अमेरिकनांनी तोच मजकूर सांकेतिक लिपी फोडून केव्हाच वाचलेला. पाठवणाऱ्याचं टाइप व्हायच्या आत घेणाऱ्याचं वाचून झालेलं. इतका तत्पर कारभार आमच्या तहसील कचेरीनंही कधी दाखवला नाही.

बरं, वाचून अमेरिकनांनी काय दिवे लावले? रविवारची सकाळ, लष्करप्रमुख मार्शल घोड्यावर रपेटीला गेलेले. हवाईत रडारवर विमानांचा थवा दिसला, तर आपलीच बी-१७ असतील, काळजी नको, असं उत्तर. मार्शलचा इशारा अखेर निघाला तो साध्या व्यापारी तारेनं, कारण लष्करी रेडिओ लागेना. त्यावर ‘तातडीचं’ असा शेराही नाही. तार पोचली तेव्हा बंदर जळत होतं.

दिग्दर्शक कुरोसावाला हा कचेऱ्यांचा मामला आधीच उमगला असावा. जपानी भाग मुळात त्याच्याकडे होता, आणि नौदल अधिकारी म्हणून त्यानं नटांऐवजी उद्योगधंद्यांतले खरेखुरे साहेब निवडले होते. काही आठवड्यांतच स्टुडिओनं त्याला काढलं. साहेबही गेले. त्यांची मला अजून चुटपुट लागते. कागद अडकवून ठेवण्याचा अभिनय त्यांना शिकवावा लागला नसता.

उत्तरार्धातल्या धुमश्चक्रीला ऑस्कर मिळालं. तिथली जपानी विमानंही बव्हंशी अमेरिकनच, वेष पालटलेली. अमेरिकेत चित्रपट बेताचाच चालला, जपानात मात्र गर्दी झाली. होणारच. गोष्ट हल्ल्यापाशीच संपते. पुढची पावणेचार वर्षं तीत नाहीत.