फोटोंच्या खुळाची स्तुती

लग्नाचे, बारशाचे, आजीचे फोटो सांभाळायला घरात वेगळी पेटी बसवायची, तिच्यात दोन डिस्क घालायच्या आणि वर आणखी एक डिस्क भावाच्या घरी ठेवायची, याला शहाणी माणसं खूळ म्हणतात. मी या खुळाच्या बाजूचा आहे.

‘गूगलवर आहेत की सगळे’ हे शहाणपण १ जून २०२१ पर्यंत फुकटात पडत होतं. त्या दिवशी गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण संपली. आता १५ जीबीत मेल, कागदपत्रं आणि फोटो दाटीवाटीने राहतात, पुढे भाडं. भाडं जरूर द्यावं, पण घरातला एकुलता एक ठेवा भाड्याच्या खोलीत ठेवू नये.

म्हणून घरचं नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली ती डिस्कची पेटी. दोन डिस्कचं पुरे. चार टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर होईल अशा, लावल्या की वापरायला चारच टीबी मिळतात, पण एक फोटो चार एमबीचा धरला तर दहा लाख फोटो मावतात. नुसते फोटो ठेवायला साधा प्रोसेसर चालतो. वाचलेले पैसे डिस्कवर घालावेत. तीही सीएमआर प्रकारचीच. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क आतून एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या आणि म्हणून लिहायला संथ, निघाल्या, हे २०२० मध्ये उघड झालं. तेव्हापासून मॉडेल नंबर तपासल्याशिवाय डिस्क घेऊ नये.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते, हे खरं. पण घाईत कुणी ‘गणपती’चा फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. यासाठी स्नॅपशॉटची, म्हणजे फोल्डर आधीच्या स्थितीत परत आणण्याची, सोय असलेलं मॉडेल घ्यावं, दोन पैसे जास्त गेले तरी. आणि बाहेरून फोटो बघायच्या हौसेपायी राउटरची दारं उघडी टाकू नयेत. जून २०२१ मध्येच जगभरातल्या कितीतरी ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या इंटरनेटवरून घुसलेल्यांनी कोऱ्या केल्या. त्या पेट्यांचे अपडेट २०१५ पासून बंद होते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मला म्हणूनच पटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे घराबाहेरची प्रत राखी आणि भाऊबीजेला बदलते. ताटाशेजारी जुनी डिस्क येते, नवी भावाकडे राहते. नव्या डिस्कवरचे चार-पाच जुने फोटो तिथल्याच कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघतो, कारण बिघडलेला फोटो लहान आकारात धडधाकट दिसतो आणि मोठा केला की खालच्या अर्ध्यात नुसता करडा पट्टा असतो. असा एक जरी सापडला, तर ती डिस्क तिथे न ठेवता परत आणायची आणि प्रत नव्याने काढायची.