पोपट आणि पीएच.डी.

भाचीनं पीएच.डी.ला विषय घेतला आहे, ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी आणि पुण्याचा मध्यमवर्गीय श्रोता. आमच्या वेळी पीएच.डी. म्हटलं की विषय कसा, जाऊन निदान दोनशे वर्षं झालेला लागे. ज्ञानेश्वर, तुकाराम, गेलाबाजार मोरोपंत. आता जितीजागती माणसंही चालतात. मी तिचा 'निवेदक' आहे म्हणे. म्हणजे तिनं फोन टेबलावर उपडा ठेवायचा आणि मी आठवायचं.

पण पुण्यात हा विषय निभणं कठीण, कारण त्या दशकात इथं शास्त्रीय संगीताखेरीज कुणी काही ऐकलेलंच नाही. आमच्या इमारतीतल्या ज्या ज्या ज्येष्ठाला तिनं गाठलं, तो सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसलेला निघाला. तोही पुढच्या रांगेत. एवढ्यांना बसवायचं तर ती रांग पार स्वारगेटपर्यंत न्यावी लागली असती. आमच्या हिनंही मुलाखतीत किशोरीताईंखेरीज कुणाचं नाव घेतलं नाही.

"मग मामा, कॅसेटी घेत कोण होतं?"

प्रश्न रास्त होता. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. त्यात उत्तर भारताची हकीकत आहे. आधी सगळा बाजार एचएमव्हीच्या हातात. मग कॅसेट आली आणि गुलशन कुमारांच्या टी-सिरीजनं ती इतकी स्वस्त केली, की पानाच्या टपरीवरही मिळू लागली. ज्या गाण्यांना मोठ्या कंपनीनं दारात उभं केलं नसतं, ती बोलीतली, गल्लीतली, देवळातली गाणी घरोघर पोचली. हे शिकागो विद्यापीठानं छापलंय. सदाशिव पेठेनं अजून कबूल केलेलं नाही.

आपल्याकडे असा गळा शिंद्यांच्या घरात होता. प्रल्हाद शिंदे यांचा विठ्ठल आमच्याकडे आषाढीला भल्या पहाटे लागायचा. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचा 'पोपट' मात्र गणपतीत, मंडळाच्या कर्ण्यावरून, खिडकी लावून घेऊन ऐकायचा. खिडकी लावली तरी आवाज येतोच. तोंडपाठ व्हायला पुरतो. गळा एकाच घरातला, पण बापाला देव्हाऱ्याशेजारी जागा आणि मुलाला चौकात. मी हे गमतीनं बोललो. भाचीनं मान खाली घालून भराभर लिहून घेतलं, तेव्हा मला ती गंमत जरा कमी वाटली.

मग कॅसेट भरून घेण्याचा विषय निघाला. साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, फुलस्केपवर गाण्यांची यादी करायची आणि दुकानदाराकडे द्यायची. तो ती यादी मोठ्यानं वाचायचा, गिऱ्हाइकं उभी असताना. 'पोपट'पाशी आला की चष्म्यावरून बघायचा. "घरी वडील आहेत ना?" एवढंच विचारायचा. गाणं भरायचा, पैसे घ्यायचा, पण विचारायचा.

बाजू अर्ध्या तासाची. शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात तुटे. मला ती गाणी अजून तेवढीच येतात. कुठे पुढचं कानावर पडलं की कुणीतरी मागाहून घुसडलंय असं वाटतं. भाची याला 'श्रवणाचं तांत्रिक विखंडन' म्हणते. आम्ही याला नव्वदची कॅसेट महाग पडते म्हणायचो.

काल तिनं कुठूनसा टेपरेकॉर्डर पैदा केला. पुराव्यासाठी माळ्यावरचा खोका उतरवला. एकेका कॅसेटवर माझं वळणदार अक्षर: 'अभंग', 'नाट्यगीते', 'रागदारी – संकीर्ण'. तिनं नेमकी 'संकीर्ण' उचलली. लावली. मालकंस सुरू झाला. मी डोळे मिटून मान हलवू लागलो. भाचीचा चेहरा उतरला, आणखी एक पुणेकर वाया गेला म्हणून.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ हिचा आवाज आला.

"अगं, ती बाजू नव्हे. उलटी कर. शेवटून दुसरा आहे तो."