एक वाटी तांदूळ: मापे व वजने

(टेबलावर तराजू, पायली, चार वाट्या. निवेदक जाड पुस्तकातून परीक्षकाच्या चेहऱ्याने वाचतो. धुळ्याची मामीही तोच: कमरेवर हात, पट्टी वरची.)

तांदूळ दोन रीतींनी मोजतात: मापाने आणि वजनाने. जुन्या मापात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. वजनातही शेर आणि मण होतेच. मात्र वजनी शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. वजनी मणात 40 शेर, मापी मणात 64. नाव एक आणि मापे दोन, त्यामुळे व्यापारीवर्ग सुखी होता.

1956 साली कायदा झाला. ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि पायली माळ्यावर गेली. वाटी मात्र कायद्याच्या हाती लागली नाही.

मामी: वाटी कोनती ते सांग पहिले!

वाटीचे प्रकार तीन. आमटीची, श्रीखंडाची आणि आहेराची. आहेराच्या वाटीवर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, तारीखही असते. मिलिलिटर नसतात. चौथा प्रकार पुण्यात आढळतो. तो पाहण्यास भिंग लागते.

(चौथी वाटी चिमटीत धरून प्रकाशाकडे नेतो.)

भरण्याच्या पद्धती दोन: सपाट आणि शिगेची. काही थोरले साडू पायली उसनी नेताना शीग लावतात, परत करताना काठावरून हात फिरवतात. विषय मापनाचा असल्याने साडूंचे नाव येथे देत नाहीत. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

एक लिटर कच्चा तांदूळ साधारण 800 ग्रॅम भरतो. म्हणून 150 मिलिलिटरची सपाट वाटी म्हणजे 120 ग्रॅम, 200 ची म्हणजे 160. भांडे आपटून भरल्यास दाणे दाटतात आणि वजन वाढते. विजेच्या कुकरसोबत येणारा कप 180 मिलिलिटरचा. त्यात दीडशेच्या आसपास ग्रॅम मावतात. हा कप आठवड्यात हरवतो आणि पुढे तुळशीला पाणी घालताना सापडतो.

वाटी किती मिलिलिटरची हे ठाऊक नसल्यास शास्त्रीय रीत अशी: रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. वाटी पाण्याने काठोकाठ भरावी. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. त्या आकड्याला 0.8 ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे तांदळाचे वजन.

मामी: काटा शे ना घरमा?

आहे.

मामी: मंग तांदूयच ठेव ना त्यानावर!

(निवेदक पुस्तकाचे पान उलटतो. पुन्हा मागे येतो. परिशिष्ट पाहतो.)

या आक्षेपाचे उत्तर ग्रंथात नाही.

मामी: पानी तोलस, गुनाकार करस... खिचडी सकायले खावानी का?

खानदेशात दिवसा भाकरी आणि रात्री खिचडी, त्यामुळे तांदळाचा हिशोब रोजचा. जळगाव-धुळ्याकडच्या घरांतल्या बायकांनी तो काट्याविना केला. मोजलेल्या तांदळातून एक मूठ परत डब्यात टाकायची, महिनाअखेरीसाठी. अचानक पाहुणा आला तर तीच मूठ निघायची आणि वाढणारीच्या ताटात कमी पडायची. त्या मुठीचे वजन कोणत्याही कोष्टकात नाही.

मामी: रडू नको. कुकरनी शिट्टी मोज!

शिजल्यावर तांदूळ वजनाने अडीच ते तीनपट होतो. त्यामुळे ‘एक वाटी भात’ आणि ‘एक वाटी तांदळाचा भात’ यांत एक पाहुणा बसतो. साडू असल्यास बसत नाही.

मामी: आते निकाल सांग!

निकाल असा. घरात एकच वाटी तांदळाची ठरवावी, सपाट भरावी आणि एकदा काट्यावर तोलावी. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहावा. ती वाटी साडूंना देऊ नये.