जखम मांडीला, मलम शेंडीला

कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात 9 ऑगस्ट 2024च्या सकाळी सेमिनार हॉलमध्ये रात्रपाळीच्या तरुण महिला डॉक्टरचा मृतदेह सापडला. बलात्कार करून तिचा खून झाला होता. एफआयआर नोंदला गेला रात्री पावणेबाराला. रुग्ण दहा मिनिटं ताटकळला तर नातेवाईक टेबल बडवतात. इथे सबंध दिवस गेला.

तातडीची सेवा कुणालाच मिळाली नाही असं मात्र नाही. प्राचार्यांनी 12 तारखेला राजीनामा दिला आणि काही तासांतच शहरातल्या दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात त्यांची त्याच खुर्चीवर नेमणूक झाली. ‘गोल्डन अवर’ पाळावा तो असा! दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने त्यांना रजेवर धाडलं, तो भाग वेगळा.

14 ऑगस्टच्या मध्यरात्री आर. जी. करच्या बाहेर या खुनाविरुद्ध निदर्शनं सुरू असताना जमाव आत घुसला आणि त्याने नेमका आपत्कालीन विभागच फोडला.

मग केंद्राने फर्मान काढलं: डॉक्टरांवर हल्ला झाला, तर संस्थाप्रमुखाने सहा तासांत एफआयआर करावा. राज्य सरकारचा उपाय त्याहून जालीम. शक्य तिथे महिलांना रात्रपाळीच देऊ नये! हल्लेखोराला रात्री फिरायला मनाई करावी, हे कुणाला सुचलं नाही.

17 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ते कलम मागे घ्यायची तयारी सरकारने दाखवली. त्याच सुनावणीत सुरक्षेसाठी नेमायच्या कंत्राटी रक्षकांचा विषय निघाला. त्यांचं प्रशिक्षण सात दिवसांचं. आणि या गुन्ह्यात पुढे दोषी ठरला, तोही पोलिसांच्याच दिमतीचा कंत्राटी स्वयंसेवक होता.