देवयानीचा फोटो

आमच्या दिवाणखान्यात आजोबांच्या तसबिरीशेजारी देवयानी दीर्घिकेचे एक ऐसपैस छायाचित्र लावलेले असून, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वी "हे खरंच असं दिसतं का हो?" अशी पृच्छा केलीच पाहिजे, असा जणू सरकारी हुकूमच निघालेला आहे. आजोबांच्या गालांवर कोण्या रंगाऱ्याने डाळिंबी छटा मुक्तहस्ताने चढविलेली असूनही, त्यांच्याविषयी मात्र असा संशय आजतागायत कोणी प्रकट केलेला नाही. आमच्या आत्याबाईंनी तर त्या चित्रातील काळसर पट्टे पदराने पुसण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. वस्तुतः ते पट्टे अंतराळातील धुळीचेच असल्यामुळे त्यांचे निदान अचूक होते, उपाय तेवढा फसला.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. देवयानीचा विस्तार आकाशात चंद्रबिंबाच्या सुमारे सहापट रुंद, पण तेज इतके क्षीण की अमावास्येच्या निर्मळ रात्रीही नुसत्या डोळ्यांना केवळ एक धूसर डाग दिसावा. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवितो. तेवढी सबुरी डोळ्यांच्या ठायी नाही. त्यातही दुर्बिणीवरचा कॅमेरा सामान्यतः कृष्णधवल. निरनिराळ्या गाळण्या लावून घेतलेली चित्रे एकत्र करून रंग मागाहून भरावयाचे. हबल दुर्बिणीने 1995 साली टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या सुप्रसिद्ध स्तंभांत गंधकाला तांबडा आणि हायड्रोजनला हिरवा रंग बहाल केलेला आहे. वास्तविक दोघांचाही प्रकाश तांबडाच! थोडक्यात, हा सारा मामला मध्यस्थाने स्थळाबरोबर धाडलेल्या फोटोसारखा आहे: रंग स्टुडिओतला आणि फोटो जुना. किती जुना म्हणाल, तर देवयानीहून हा प्रकाश निघाला तो 25 लाख वर्षांपूर्वी; मनुष्यप्राणी तेव्हा जेमतेम दगड फोडण्याची उमेदवारी करीत होता.

माझी स्वतःची भक्ती मात्र छायाचित्रणाच्या जुन्या बिनरंगी काचांवर आहे. आयझॅक रॉबर्ट्स यांनी 1888 साली देवयानीचे वेटोळे प्रथम स्पष्ट टिपले आणि विद्वानांना त्यात एक नवी सूर्यमाला आकार घेताना दिसली. ऑक्टोबर 1923 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून घेतलेल्या काचेवर एडविन हबल यांनी एका ठिपक्याजवळची 'नवतारा' ही खूण खोडून, उद्गारचिन्हासह 'रूपविकारी', म्हणजे तेज बदलणारा तारा, असा शेरा मारला. त्या ताऱ्यावरून अंतराचा हिशेब मांडताच देवयानी आपल्या आकाशगंगेच्या हद्दीबाहेर गेली. एका शेऱ्याने एवढी जमीन बिनशेती झाल्याचे उदाहरण कोणत्याही महसुली दप्तरात सापडणार नाही.

ही देवयानी सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगाने आपल्याकडे निघाली आहे. 2012 साली नासाच्या ज्योतिर्विदांनी सुमारे 4 अब्ज वर्षांनी तिचा आपल्या आकाशगंगेशी संयोग अटळ असल्याचे जाहीर केले होते. 2025 साली झालेल्या फेरतपासणीत मात्र येत्या 10 अब्ज वर्षांत तो घडण्याचा संभव जेमतेम निम्मा भरला.